राहेलबाईंची बारी

जालना जिल्ह्यातून परत येऊन आठवडा झाला. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं भेटली की विचारतात, "काय बाई, कसा झाला प्रवास?" मी "बरा झाला" म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. लिहायला मात्र त्यांनी मनाई केलेली नाही, म्हणून लिहिते.

मी नगरची. पाळक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ईश्वरविज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून कुठल्या ना कुठल्या मंडळीचं बोलावणं येतं. मी पिशवी भरते, जाते, दोन दिवस शिकवते, रविवारी उपासनेत संदेश देते आणि परत येते. यावेळी बोलावणारा माझाच जुना विद्यार्थी होता, सुदीप. वाटूर फाट्यापासून आत एका गावात तो पाळक आहे. त्याने फोनवर त्याच्या मंडळीतली एक रीत सांगितली आणि मी जागच्या जागी हो म्हणून बसले.

रीत अशी. आमच्याकडे नगरला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे मिळून खातात ती, भाकर म्हणजे पावाचे बारीक चौकोनी तुकडे. ते कुठून येतात, कोण कापतं, कुणाला ठाऊक नसतं आणि कुणी विचारतही नाही. सुदीपच्या गावात मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी एका घराची बारी असते. त्या घरची बाई पहाटे उठून ज्वारीची एकच भाकरी भाजते, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणते आणि पाळक ती मोडेपर्यंत मेजाशेजारी उभी राहते. पुढच्या महिन्यात शेजारचं घर. अशी बारी साऱ्या मंडळीतून फिरते. एक भाकर आणि तिच्यावर जगणारं एक शरीर, हे मुलांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पांढरे झाले, आणि इथे ते काम बायका तव्यावर करत होत्या. मला फार आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचा राग त्या आनंदातूनच आलेला आहे.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटलो म्हणून मोकळी होतील.

वाटूर फाटा, शुक्रवार

जालन्याहून निघालेल्या एसटीने दुपारी वाटूर फाट्यावर सोडलं. सोडलं म्हणजे मला उतरवलं आणि माझी पिशवी वरून टाकली. पिशवीत जिथे उतरायचं होतं त्या घरी द्यायला लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. ती फुटली, आणि तेल, मीठ, हळद सगळं माझ्या दोन दिवसांच्या टिपणांत मुरलं. कागद उलगडून पाहिले तर एकही अक्षर धड लागेना. कंडक्टरला मी चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "मंग मांडीवर घ्यायची ना, मावशी," आणि घंटी मारून गेला. त्याचंही बरोबर होतं, त्यामुळे राग जास्तच आला.

सुदीप मोटारसायकल घेऊन आला होता. अंगाने भरलाय, केस मागे गेलेत, पण "सलाम, बाई" म्हणताना मान तशीच खाली घातली. गावाकडे वळण्याआधी तो फाट्यावरच्या बेकरीपाशी थांबला. बेकरी हाफिजभाईंची. खारीचा आणि भाजलेल्या मैद्याचा वास सुटला होता. हाफिजभाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, नगरचं पाऊसपाणी विचारलं. सुदीपने रविवार सकाळसाठी एक मोठा, न कापलेला पाव सांगितला.

हाफिजभाई हसून म्हणाले, "क्या पाळकसाब, फिर पाव का महिना आया?"

सुदीप म्हणाला, "ठेवा बाजूला, चाचा," आणि लगेच गाडीकडे गेला. पाव कशाला, असं मी विचारलं. पाहुणे येणार आहेत, असं काहीतरी तो गाडीला किक मारता मारता बोलला. मला लोणच्याचं दुःख होतं. मी पुढे विचारलं नाही.

रस्ता सुंदर होता, ते नाकारत नाही. दोन्हीकडे काळी जमीन, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, तुरीच्या काड्यांच्या गंजी, आणि ज्वारी माणसापेक्षा उंच होऊन कणसाला आलेली. उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही बराच वेळ धूळ खात गेलो. आमच्याकडे ज्वारी इतकी उंच होत नाही. मी तसं म्हटलं तर सुदीपला फार बरं वाटलं.

वरची आळी

माझी उतरायची सोय शांतवन तात्यांकडे केली होती. तात्या मंडळीचे थोरले वडील. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, आणि तात्या त्या पंचांत सगळ्यांत जुने. स्लॅबचं घर, पुढे रुंद ओटा, ओट्यावर बाज. त्यांच्या बायको मार्थाबाई कमी बोलणाऱ्या, पण माणसाच्या ताटात काय संपलंय ते बरोबर ओळखणाऱ्या. पितळेच्या लखलखीत फुलपात्रातून पाणी आलं. रात्री येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची, आमटी, भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा. मी तीन वेळा आमटी घेतली. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, पण आमटी चांगली होती.

जेवताना तात्यांनी माझी चौकशी केली. नगरला कुठल्या भागातल्या, आडनाव काय, आईचं माहेर कुठलं, आजोबा कुणाच्या हाताखाली शिकले. मी सरळ उत्तरं देत गेले. चौकशी संपली तसे ते बाजेला टेकून बसले आणि म्हणाले, "मंग आपल्याच की तुम्ही."

मला वाटलं, ख्रिस्ती म्हणून म्हणतायत.

शनिवारी सकाळी त्यांनी शेतात नेऊन हुरडा खाऊ घातला. गरम गरम, तळहातावर चोळून, जवसाच्या चटणीबरोबर. मग दहा वाजता देवळात शिकवणं सुरू झालं. देऊळ म्हणजे पत्र्याचं छत, खाली सतरंज्या, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, कोपऱ्यात वाजवायची पेटी. टिपणं लोणच्यात गेल्यामुळे तोंडी बोलले आणि ते बरंच झालं. विषय प्रभुभोजन. करिंथ गावातल्या पहिल्या मंडळीची गोष्ट सांगितली. तिथे पैसेवाले आधी येऊन जेवून घ्यायचे, गुलाम आणि मजूर कामावरून उशिरा पोचायचे आणि त्यांना काही उरायचं नाही. आणि प्रेषित पौलाने त्यांना पत्रात लिहिलं की तुम्ही जे जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच. लोक मन लावून ऐकत होते. सगळ्यांत जास्त मान डोलावत होते तात्या.

मधल्या सुट्टीत ते मुद्दाम जवळ आले. "लई बराबर सांगितलं, बाई," म्हणाले. "शहरातल्या मंडळ्यांत असंच होऊन राह्यलंय."

सत्र संपल्यावर दाराशी बसलेली एक बाई माझ्याकडे आली. साठीच्या आसपासची, काटक, कपाशी वेचून बोटांची टोकं फाटलेली. राहेलबाई म्हणून तिने नाव सांगितलं आणि चहाला घरी या म्हणाली. मी निघाले तर मार्थाबाईंनी माझा हात धरला. चहा इथंच करते, तिकडे चिखल आहे, म्हणाल्या. जानेवारी महिना होता. तात्यांच्या अंगणातही धूळ उडत होती. मी मार्थाबाईंकडे पाहिलं, त्यांनी हात सोडला.

खालची आळी

एका ओढ्याच्या अल्याड वरची आळी, पल्याड खालची. ओढा कोरडा होता. दोन्हीकडची माणसं ख्रिस्ती, एकाच देवळात येणारी, एकाच पुस्तकातून गाणारी. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते दोन वेगवेगळ्या जातींतून आले होते, आणि दोन्ही जातींना गाव सारखंच लांब ठेवत होतं. त्या जातींची नावं मी लिहीत नाही. मराठी वाचकाला ती सांगावी लागत नाहीत. ज्यांना सगळ्या गावाने खाली ढकललं, त्यांनी आपल्याही खाली कुणीतरी असावं म्हणून ओढा जपून ठेवला. चार पिढ्या प्रार्थना केली, उपास केले, नाताळला घरं रंगवली, आणि ओढा होता तिथेच आहे.

राहेलबाईंचं घर दोन खणांचं. जमीन सारवलेली, चुलीभोवती पांढऱ्या मातीचा पट्टा ओढलेला, भांडी उन्हात पालथी. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. चहा झाला. मग त्यांनी फळीवरून एक डबा काढून मला दाखवला. आत ज्वारीचं पीठ होतं.

"उद्या माझी बारी हाय," त्या म्हणाल्या. "पीठ दळून आणून ठिवलंय. अन् पाळकसाहेब काल सांगून गेले, ह्या टायमाला भाकरी नका आणू, पाव आणून राह्यलोय."

हाफिजभाईंचं बोलणं मला तेव्हा कळलं. खालच्या आळीत बारी आली की पावाचा महिना यायचा. नेहमीच पाव नसायचा. कधी पाळक आजारी पडायचे, कधी प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर जायचं आणि पुढच्या महिन्यात बारी ओढा ओलांडून वर गेलेली असायची. सुदीपच्या आधीच्या पाळकांच्या काळातही तेच. राहेलबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून ही रीत आहे, आणि त्यांची भाकरी एकदाही मेजावर गेलेली नाही. खालच्या आळीतल्या कुणाचीच नाही. बाकीच्या बायकांनी पीठ दळून ठेवणं सोडून दिलं. यांनी सोडलं नाही.

हे त्यांनी रडून सांगितलं नाही. मधे फक्त एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "हाफिजभाई भला माणूस हाय, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण मुसलमानाच्या हातचा पाव प्रभूच्या मेजावर चालतो अन् माझ्या हातची भाकरी चालत न्हाई. मंग मी कोण, बाई?"

मी शिकवणारी बाई. उत्तर द्यायची सवय आहे. त्या वेळी मी फक्त पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

उद्या काय करणार, असं मी विचारलं. भाकरी घेऊन जाणार, त्या म्हणाल्या, आणि बारीवाली जिथे उभी राहते तिथे उभी राहणार. मोडली तर मोडली. मी म्हटलं, मीही उद्या संदेशात बोलते, नावं घेऊन बोलते. त्यांनी झटकन माझा हात दाबला.

"मंडळीसमोर तुम्ही बोलायचं न्हाई. मंग म्हणतील, नगरच्या बाईनं शिकवून पाठवली. मला कुणी शिकवलं न्हाई. मी माझ्या पायानं जाईन."

मी कबूल केलं. आयुष्यात इतकं अवघड वचन दुसरं दिलं नसेल.

मंडळीसमोर बोलायचं नव्हतं. सुदीपसमोर बोलायला बंदी नव्हती. तो देवळात एकटा सतरंज्या झटकत होता. मी त्याला विचारलं, फोनवर रीत सांगितलीस तेव्हा ओढा का नाही सांगितलास. तो सतरंजी झटकतच राहिला. मग म्हणाला, भाकरी राहेलबाईंची असली तर वरची आळी हात लावणार नाही, देवळातून उठून जाईल, आणि गेलेली माणसं परत येणार नाहीत. पाव कुणाच्याच आळीचा नाही. पाव आणला की सगळे एकत्र बसतात.

"मंडळीचं ऐक्य राखा, हे तुम्हीच शिकवलं होतं, बाई," तो म्हणाला.

"एका बाईला दाराशी बसवून राखलेलं ऐक्य मी कुठल्या तासाला शिकवलं?"

त्याने सतरंजी जमिनीवर पसरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही उद्या संध्याकाळी जाल. मला इथं राहायचंय." हे खरं होतं. त्याचं राहतं घर तात्यांच्या जागेत, त्याची मुलं तात्यांना आबा म्हणतात. खरं होतं म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी त्याला म्हटलं, परीक्षेत तुला मी पहिल्या वर्गाचे गुण दिले होते, ते आज परत घ्यायची सोय असती तर घेतले असते. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

रात्री तात्यांनाही विचारलं. सरळ विचारलं. ते जराही चिडले नाहीत. "आपल्यात जात न्हाई, बाई," म्हणाले. "आपण ख्रिस्ती माणसं. पण काही गोष्टी चालत आलेल्या असतात. अन् स्वच्छता बी पाहावी लागती." मी म्हटलं, ती चूल मी पाहून आलेय, माझ्या घरची इतकी स्वच्छ नसते. त्यावर तात्यांनी मार्थाबाईंना खूण केली आणि माझ्या ताटात आणखी आमटी आली. शिव्या देणाऱ्या माणसाशी भांडता येतं. आमटी वाढणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी अर्ध्या ताटावरून उठले.

रविवार

देऊळ गच्च भरलं होतं. मेजावर पांढरं कापड, मनुका भिजवून केलेल्या रसाचे छोटे पेले, आणि स्टीलच्या ताटलीत हाफिजभाईंचा पाव, तोही कापडाने झाकलेला. माझ्या संदेशाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. जे बोलायचं होतं ते घशात दाबून भलत्याच विषयावर बोलले. इतका वाईट संदेश मी कधी दिला नसेल. तात्यांनी तरी मान डोलावली.

गाणं झालं आणि सुदीप मेजापाशी आला. तेव्हा दाराजवळून राहेलबाई उठल्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत पांढरं फडकं. बायकांच्या रांगांमधून वाट काढत त्या पुढे आल्या आणि मेजाच्या डाव्या अंगाला, बारीवाली उभी राहते तिथे, उभ्या राहिल्या. फडक्यातून भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता.

सुदीपने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. लांबलचक केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर त्या तिथेच होत्या. पुरुषांच्या बाजूने तात्यांचा शांत आवाज आला, "पाळकसाहेब, चालू द्या." सुदीपचा हात ताटलीवरच्या कापडाकडे गेला.

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ताटली उचलायची नाही, असं काही ठरलेलं नव्हतं. मी पेटीशेजारी बसले होते. उठले, पावाची ताटली उचलली, पेटीवर ठेवली आणि परत जागेवर बसले.

आता मेजावर रसाचे पेले होते आणि भाकरीची जागा रिकामी होती. सुदीपने माझ्याकडे पाहिलं. पेटी चार पावलांवर होती, पाव परत आणणं काही अवघड नव्हतं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मग त्याने दोन्ही हात राहेलबाईंसमोर पसरले. त्यांनी फडकं उलगडून भाकरी त्याच्या हातांवर ठेवली, आणि त्याने ती मोडली. खरपूस भाजलेली भाकरी होती. मोडल्याचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला.

तात्या उठले. टोपी नीट केली आणि बाहेर गेले. त्यांच्यामागे वरच्या आळीतले पुरुष, मग बायका.  दाराशी चपला शोधण्याची गडबड ऐकू येत होती. मार्थाबाई शेवटी उठल्या, सुनेने दंड धरला म्हणून. वरच्या आळीतली एकच म्हातारी राहिली. तिला उठवायला दोन माणसं लागतात आणि ती दोघंही निघून गेली होती. तिने आनंदाने हात पुढे केला.

माणसं थोडी, भाकरी मोठी. एरवी नखाएवढा तुकडा मिळतो म्हणे, त्या दिवशी घासभर मिळाला. खालच्या आळीतले लोक मान खाली घालून बराच वेळ चावत बसले होते. राहेलबाईंनी सगळ्यांत शेवटी घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं असं मला सांगता येणार नाही. अर्धं देऊळ रिकामं दिसत होतं, आणि सुदीपचा चेहरा पाहवत नव्हता. ताटली मी उचलली होती. त्याची किंमत तो भरणार होता. तरीही पुन्हा वेळ आली तर पुन्हा उचलीन.

आशीर्वाद झाला. अर्धी भाकरी उरली होती. सुदीप ती फडक्यात बांधून ठेवायला लागला तर राहेलबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, आजाऱ्यांचा वाटा."

ही त्या मंडळीतली दुसरी रीत, मला तेव्हाच कळली. प्रभुभोजनाला जे आजारामुळे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी पाळक आणि बारीवाली वाटा घेऊन जातात. तो हातातच द्यायचा, कुठे ठेवायचा नाही. दुखणेकऱ्याला गिळवत नसेल तर त्याच्या उंबऱ्याशी बसून, त्याचं नाव घेऊन, बारीवालीने तो खायचा. म्हणजे तोही भोजनात आला असं धरतात.

"या महिन्यात कुणी आजारी न्हाई," सुदीप म्हणाला.

"आता उठून गेले ते कोण हायत मंग? धडधाकट माणूस प्रभूच्या मेजावरून उठून जात न्हाई."

सुदीपने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण आता खरोखर माझं काही काम उरलं नव्हतं. त्याने फडकं उचललं आणि चपला घातल्या.

आम्ही तिघं ओढा ओलांडून वर गेलो. माझी पिशवी तात्यांकडे होती, त्यामुळे मला तसंही जायचं होतं. पहिल्या घराने दार लावून घेतलं. राहेलबाई पायरीवर बसल्या, घरधन्याचं नाव घेतलं आणि त्याचा वाटा खाल्ला. दुसऱ्या घरी माणसं ओट्यावरच होती, पण कुणी हात पुढे केला नाही. तिथेही खाल्ला. एका घरची धाकटी सून मागच्या दाराने आली, पदराखालून हात काढून तुकडा घेतला आणि तोंडात टाकून आत पळाली. बाकी सगळीकडे राहेलबाईंनीच खाल्ला. गार झालेली भाकरी, वर ऊन. तोंडी लावायला काही नाही. दरवेळी नाव मोठ्याने घ्यायच्या. सुदीप आधी त्यांच्यामागून चालत होता. शेवटच्या तीन-चार घरांना तो पुढे जाऊन कडी वाजवायला लागला.

तात्या ओट्यावर बाजेवर बसले होते. "या, पाळकसाहेब," म्हणाले. मला "जेवून निघा, बाई" म्हणाले. राहेलबाईंनी फडकं पुढे केलं तर ओट्याच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाले, "ठिवा तिथं."

"ठिवायची रीत न्हाई, तात्या. हात पुढं करा."

"आज पोट बराबर न्हाई माझं."

"मंग तुमच्या नावानं मी खाते," राहेलबाई म्हणाल्या. खालच्या पायरीवर बसल्या, पदर सारखा केला. "शांतवन तात्याच्या नावानं," असं म्हणून शेवटचा तुकडा तोंडात घातला.

तो उतरेना. इतक्या घरांची भाकरी एका घशातून गेली होती. त्या ठसकल्या, छातीवर हात ठेवला, आणि मान वर करून म्हणाल्या, "पाणी द्या, तात्या."

पाण्याला नाही म्हणत नाहीत. तात्याही म्हणाले नाहीत. मार्थाबाई दारात होत्या, त्यांना बाजूला सारून ते स्वतः आत गेले. आत रांजणावरचं झाकण वाजलं. दोन दिवस त्या घरात मी पितळेच्या फुलपात्राने पाणी प्यायले होते. तात्या बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लग्नकार्यात वापरून फेकतात तसला प्लास्टिकचा पातळ ग्लास होता. तो त्यांनी वाकून वरच्या पायरीवर ठेवला.

माझं तोंड उघडलं होतं. राहेलबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. सुदीप पुढे झाला, पायरीवरचा ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला. त्या सावकाश प्यायल्या. तळाशी घोटभर पाणी ठेवलं, त्यात बोट फिरवून ग्लास विसळला, पाणी धुळीत टाकलं आणि ग्लास ओट्यावर, भिंतीच्या कडेला, पालथा घातला.

"फेकू नका, तात्या," त्या म्हणाल्या. "तुमचं दुखणं एका वाट्यानं बरं व्हायचं न्हाई. मला परत यावं लागंल."

त्या आणि सुदीप ओढ्याकडे वळले. मी आत जाऊन पिशवी भरली, मार्थाबाईंना सलाम केला. त्यांनी मान हलवली. बाहेर आले तर ग्लास भिंतीशी तसाच पालथा होता. वाऱ्याने जरासा सरकला होता, आणि तात्या बाजेवर बसून त्याच्याकडे बघत होते. त्याला हात लावून तो उचलणं काही त्यांना जमलं नव्हतं.